पोह्यांचं गणित

मुलीला टाइप वन डायबेटिस आहे हे कळलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो आजोबांच्या गोळ्यांचा. त्यांची शुगर कित्येक वर्षं गोळीवर आटोक्यात आहे, मग एवढ्याशा पोरीला रोज सुया कशाला? डॉक्टरांनी सासऱ्यांनाच समोर बसवलं. "काका, तुमच्या अंगात इन्सुलिन बनतं, पण नीट लागू पडत नाही. हिच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात. जे बनतच नाही, त्याला गोळी काय करणार?" गोड खाल्ल्याने हे होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. नातीला चॉकलेटं त्याच द्यायच्या.

सारखी तहान, सारखी लघवी, पुन्हा ओलं व्हायला लागलेलं अंथरूण, खाऊनपिऊन उतरणारं वजन. लेकरात हे दिसलं तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या. उशीर झाला की रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात, मग उलट्या, धाप आणि थेट आयसीयू.

घरी आल्यावर खरी शाळा सुरू झाली. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. आमची बाटली 100 ची. एका मेडिकलवाल्याने लाल टोपणाची पुढे केली, वर "एकच बात है मैडम". एकच कशी असेल? त्या सिरिंजच्या खुणांनी 100 ची बाटली भरली तर डोस अडीचपट जातो. तेव्हापासून मी टोपणाचा रंग बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

मग पोहे. इंदुरात राहून पोहे सोडा असं कोणी सांगितलं असतं तर मी डॉक्टर बदलले असते! त्यांनी सोडायला नाही, मोजायला सांगितलं. 100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण 75 ग्रॅम कर्बोदकं असतात. सासूबाईंचं माप माणशी मूठ, आणि त्यांची मूठ पाहुणे बघून बदलते. म्हणून ओट्यावर छोटा वजनकाटा आला. मुलीचे पोहे भिजवायच्या आधी वेगळे तोलायचे, त्या आकड्यावरून डोस काढायचा, टोचायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी बशी पुढे करायची. तरी दोन तासांनी बरी दिसलेली शुगर कधीकधी शाळेत चढायची. वहीत रोजचं खाणं लिहायला लागल्यावर उलगडलं की ज्या दिवशी वरून शेव भरपूर, त्या दिवशी हे होतं. तेलामुळे पचन लांबतं, शुगर उशिरा वर येते. आता शेव चमच्याने मिळते, आणि त्यावरून भांडण रोजचंच.

काही आठवड्यांनी डोस एकदम कमी झाला. नात्यातल्या एका काकूंनी जांभळाच्या बियांची पूड पाठवली होती, श्रेय अर्थातच तिला गेलं. "बघ, सुटेल हळूहळू इंजेक्शन." वास्तविक इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या पेशी थोडे दिवस जोर धरतात. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. तो काळ संपतो, गरज पुन्हा वाढते. याच वेळी इन्सुलिन बंद करून मुलं दवाखान्यात येतात, असं त्यांनी बजावलं होतं, त्यामुळे काकूंना मी फक्त "हो हो" म्हटलं.

शुगर 70 च्या खाली गेली की मात्र उलट धावपळ. हात थरथरतात, घाम फुटतो, स्वभाव चिडका होतो. सासूबाईंना वाटायचं, आता तरी हिला जिलेबी द्यावी. पण तुपातलं गोड सावकाश चढतं. त्या वेळी ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं.

अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांच्या सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, बघायला ती चुलत भावंडांबरोबर गेली. खूप चाललं की शुगर कित्येक तासांनी, झोपेतसुद्धा उतरू शकते, म्हणून मोठ्या पुतण्याला मीटर वापरायला शिकवलं आणि त्याच्या खिशात ग्लुकोजचं पाकीट दिलं. पहाटे परत आल्यावर झोपण्याआधी शुगर तपासली, दूध-पोळी खायला लावली आणि मधे एकदा उठून पुन्हा बघितली. ती वैतागली, पण बोट पुढे केलं.