तक्रार आल्यानंतरचे सात दिवस

कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाच्या तक्रारीचं पुढे काय होणार, हे बरंचसं पहिल्या आठवड्यात ठरतं. आज दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

पहिली चूक अर्ज हातात येतानाच होते. तो अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या चौकशीसाठी ऑफिसातच नेमलेल्या समितीकडे, जाण्याऐवजी साहेबांच्या केबिनमध्ये जातो, दोघांना समोरासमोर बसवलं जातं आणि "आपसात मिटवून टाका" असं सांगितलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेटाची सोय आहे, पण तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, तोही चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. साहेबांनी मध्यस्थ व्हावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

करायचं ते साधं आहे. अर्ज घ्या, तारीख घालून पोच द्या. बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात. एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत गैरअर्जदाराकडे (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे) गेली पाहिजे. उत्तरासाठी त्याला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. प्रती कमी आहेत म्हणून अर्ज परत केला जातो तेव्हा फार राग येतो. झेरॉक्स समितीलाही काढता येते! बाईची तीन महिन्यांची मुदत मात्र शेवटच्या घटनेपासून धावत असते. समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण कारणं लेखी नोंदवूनच. ती नोंद राहिली की पुढे अपिलात नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

याच दिवसांत तिला विचारायला हवं: चौकशी संपेपर्यंतचा अंतरिम दिलासा हवा आहे का? तिने लेखी मागितलं तर दोघांपैकी कुणाचीही बदली करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते (ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही), आणि तिच्या कामाचा गोपनीय अहवाल गैरअर्जदाराने लिहू नये असं ठरवता येतं. ही शेवटची तरतूद सर्रास विसरली जाते. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तोच मग तिच्या कामाला गुण देत बसतो. आणि न विचारता तिचीच बदली केली, तर ऑफिसला ती शिक्षाच वाटते. तसं वाटण्यात ऑफिसचं काही चुकत नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे घाई. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातल्या एका शिक्षकाची बडतर्फी रद्द केली. तक्रारी खोट्या ठरल्या म्हणून नव्हे; २००९ मधली चौकशी घाईत उरकली गेली आणि बाजू मांडायची पुरेशी संधी त्याला मिळाली नाही म्हणून. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. तक्रार करणाऱ्या मुलींना चौदा वर्षांनी काय मिळालं, हा विचार मनातून जात नाही. कायदा आता चौकशीला नव्वद दिवस देतो. जबाब, कागद, उलटतपासणीचे प्रश्न, सगळं नीट होण्याइतका वेळ त्यात आहे. फक्त पीठासीन अधिकाऱ्यासह (म्हणजे समितीच्या प्रमुखासह) किमान तीन सदस्य प्रत्येक बैठकीला हवेत, नाहीतर ती बैठक धरली जात नाही.

अहवाल लिहिताना एक शब्द जपून वापरायचा. 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'खोटं' नव्हे. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. तिचा दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.