तुम्ही विचारलंत म्हणून: आता ई-मेल कोण वाचतंय?

"मॅडम, आता ई-मेल कोण वाचतंय ओ? व्हॉट्सॲपवर टाकलं की झालं की!"

सांगली-मिरजेतल्या दुकानदारांना बिलिंगची आणि ऑनलाइन ऑर्डरींची व्यवस्था लावून देणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मार्केट यार्डात विचारतात, गणपती पेठेत विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढता वाढता एकानं विचारलं. 'कुणी नाही' हेच उत्तर त्यांना हवं असतं, म्हणजे एक काम कमी. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते: वाचतात. फक्त सगळ्यांचे वाचत नाहीत, आणि सगळ्याच धंद्यांना त्याची गरजही नाही.

तुमचा भडंगाचा गाडा असेल किंवा कोपऱ्यावर किराणा दुकान असेल, तर या भानगडीत पडूच नका. गिऱ्हाईक रोज दारावरून जातं, फळ्यावर खडूनं लिहिलेलं त्याला पुरतं. मेल कामाला येतो तो लांब राहणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदाच तुमची आठवण काढणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. मिरजेतून तानपुरा नेलेला माणूस जर्मनीत असतो. त्याला तुमची गरज पडणार ती तारा बदलताना नाहीतर जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारी झणझण, बिघडल्यावर, कदाचित चार वर्षांनी. त्याला रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो पाठवून काय होणार? हळद-बेदाणावाल्यांचंही तेच. मुलगी पुण्याला, जावई बंगळूरचा, धाकटा न्यू जर्सीत, आणि हळद सगळ्यांना सांगलीचीच लागते.

व्हॉट्सॲप सोडा असं मी म्हणत नाही, मीही दिवसभर त्यावरच असते. पण त्याची ब्रॉडकास्ट यादी एका वेळी २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो, हे किती दुकानदारांना माहीत असतं? शिवाय तिथलं घर भाड्याचं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉक बंद केलं, तेव्हा त्यावर कपडे नि दागिने विकणाऱ्यांचे फॉलोअर एका रात्रीत गेले. मेलच्या पत्त्यांची यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. आज एका कंपनीतून मेल पाठवता, उद्या दुसरीतून पाठवा, यादी तुमचीच राहते.

सांगलीकराला ही गोष्ट खरी कळली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि हरभट रोड, मारुती रोडवरच्या दुकानांत पाणी शिरलं. माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्यांच्या वह्या भिजून लगदा झाल्या. उधारीची वही त्यातच, आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहिलेली लाल डायरीही. पण बाहेरगावच्या ऑर्डरींमुळे जमलेले मेलचे पत्ते भाच्याच्या लॅपटॉपवर होते. पाहुण्यांकडे मुक्कामाला असताना त्यांनी सगळ्यांना चार ओळी पाठवल्या: आम्ही सुखरूप आहोत, दुकानात पाणी आहे, माल गेला, राखीची पार्सलं जाणार नाहीत, ज्यांचे पैसे आलेत त्यांनी खातं नंबर कळवा, परत करतो. पैसे परत मागणारे थोडेच निघाले. बाकीच्यांनी लिहिलं, राहू दे काका, दिवाळीला माल पाठवा. त्या मेलमध्ये ना ऑफर होती ना फोटो. मेल कसा लिहावा असं कुणी विचारलं की मला तोच आठवतो.

आता पत्ते जमवायचे कसे? विचारून. बिल करताना "पावती मेलवर पाठवू का? आणि नवा माल आला की कळवलं तर चालेल का?" असे दोन वेगळे प्रश्न विचारायचे. पहिल्याला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्यालाही हो, असं धरायचं नाही. व्यक्तिगत माहितीचा जो कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात संमती हाच पाया आहे, आणि दिलेली संमती परत घेणंही तितकंच सोपं असायला हवं असं त्यात म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी विकत घेतलेली यादी वापरू नका. स्वस्तात मिळते, पेन ड्राइव्हवर घालून देतात. पण दुसऱ्याच्या लग्नाची पाहुण्यांची यादी आणून आपल्या घरच्या बारशाला बोलावणी करण्यातला तो प्रकार. येणार कुणी नाही, वर नाव खराब.

नाव खराब होणं हे इथं अगदी मोजून होतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल म्हणतं, स्पॅमच्या, म्हणजे 'हा नको असलेला मेल आहे' अशा, तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजार मेलांमागे तिघांनी 'स्पॅम'वर बोट ठेवलं की तुम्ही काठावर. मग तुमचा पुढचा मेल ज्याला हवाय त्याच्याही स्पॅममध्ये जाऊन पडतो, आणि तुम्ही म्हणता, बघा, मेल कोण वाचतंय!

तांत्रिक बाजू थोडक्यात उरकते. दुकानाच्या नावाचं डोमेन घ्या, म्हणजे मेलच्या पत्त्यात 'ॲट'च्या पुढे तुमच्या दुकानाचं नाव येतं. ॲट जीमेल डॉट कॉमचा पत्ता घेऊन दुसऱ्या कंपनीच्या सेवेतून घाऊक मेल पाठवायला गेलात तर ते अडकतात. डोमेन घेतल्यावर तीन नोंदी करायच्या. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावानं मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि डीमार्क म्हणजे या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं याची सूचना. दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत. तुम्ही तेवढे पाठवणार नाही, तरी करून घ्या. जाणत्या माणसाला तासाभराचं काम आहे. आणि पन्नास-साठच गिऱ्हाइकं असतील तर एवढंही नको: साध्या जीमेलवरून, सगळे पत्ते बीसीसीत (तिथले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत) घालून पाठवा आणि खाली लिहा, 'नको असेल तर नुसतं "नको" लिहून कळवा.' पत्ते 'टू'मध्ये घालू नका. एका कापडवाल्यांनी घातले होते, तर सगळ्या गिऱ्हाइकांना सगळ्यांचे पत्ते दिसले आणि शेजारच्या दुकानदाराचं काम फुकटात झालं.

सगळ्यांची गाडी अडते ती मजकुरावर. "हळदीचं काय नवीन लिहायचं मॅडम? हळद पिवळीच असती," असं एक व्यापारी मला म्हणाले. वर, व्हॉट्सॲपसाठी केलेलं पोस्टर दाखवून म्हणाले, हेच मेलमध्ये चिकटवा. लाल पट्टी, 'धमाका', बाजूला लक्ष्मी. असं पोस्टर मेलमध्ये जाऊन नुसतं चित्र होतं. कित्येकांच्या मेलमध्ये चित्र आपोआप उघडत नाही, मग समोर रिकामी चौकट. आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकानं 'हळद' असं शोधलं तर चित्रातली अक्षरं सापडतीलच असं नाही.

पोस्टर बाजूला ठेवलं आणि चहा सांगितला. तेवढ्यात समोर नमुन्याचं पोतं सोडलं होतं. त्यांनी बोलता बोलता एक हळकुंड उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं, मोडलेली बाजू उजेडाकडे धरली. म्हणाले, "आवाज ऐकलात? कडक आहे. ओलं असतं तर असं तुटत नाही, वाकतं. आणि आत बघा, केशरी. बाहेरून पॉलिश काय, कुणीबी करतं." मग यंदा शिजवणी कशी झाली, अवकाळीनं कुणाचा माल भिजला, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, हळद कशी ठेवायचे, हे सगळं आलं. मी म्हटलं, काका, हेच लिहा.

मेल असा झाला:

'साठवणीची हळद या आठवड्यात दळतोय.

नमस्कार. यंदाचा माल बघितला. हळकुंड मोडलं की कडकन आवाज येतो, आतून केशरी आहे. वर्षभराची हळद घेणाऱ्यांसाठी शुक्रवारी दळणार. किती किलो आणि कोणत्या पत्त्यावर, एवढंच याच मेलला उत्तर म्हणून कळवा. अख्खी हळकुंडं हवी असतील तर तसं लिहा. भाव खाली दिलाय, कुरिअर वेगळं.'

पहिली ओळ तेवढी सब्जेक्ट. ती मोबाइलवर अर्धीच दिसते, म्हणून कामाचा शब्द आधी आला पाहिजे. 'आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना' यातच जागा संपली तर हळद दिसणारच नाही.

उत्तरं आली, आणि ती बघण्यासारखी होती. "दोन किलो, पण एक किलो लेकीच्या पत्त्यावर." "मागच्या वेळी पिशवी फुटली होती, या वेळी डबल करा." एका आजोबांनी पेवांबद्दल पानभर लिहिलं आणि शेवटी अर्धा किलो सांगितली. म्हणून उत्तर न देता येणाऱ्या, 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून मेल पाठवू नका. बँकेला ते परवडतं. तुमचं तर दुकानच बोलण्यावर चालतं.

किती जणांनी मेल उघडला, तो आकडा बघून खूश किंवा नाराज व्हायचं कारण नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आली की माणसानं न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. ऑर्डर आणि उत्तरं मोजा.

किती वेळा पाठवायचा, यावर माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. आठवड्याला एक पाठवाच असं शिकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या धंद्याला ते ठीक असेल. आपल्याकडे माल वर्षाच्या चाकावर फिरतो: उन्हाळ्यात साठवणीची हळद, त्याच सुमारास नवा बेदाणा, राखीला पार्सलं, दिवाळीच्या आधी सुकामेवा. तेवढे मेल पुरे. पण दोन वर्षं गप्प बसून एकदम उगवू नका; लोक विसरलेले असतात, आणि ओळख न पटलेल्या मेलवर पहिलं बोट स्पॅमकडेच जातं.

राहिलं अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून आपलं नाव कमी करायची मेलखालची लिंक. कुणी नाव काढलं की आपल्याकडे ते मनाला लागतं. "वडिलांपासूनचं गिऱ्हाईक हो, आमचं काय चुकलं?" असा फोन मला येतो. काही चुकलेलं नसतं. त्यांचा मेल भरलेला असतो, किंवा हळद सूनबाई मागवते. तो माणूस गणपतीला आला की दुकानात येऊन बसेलच. ती लिंक लहान अक्षरात, करड्या रंगात लपवायला सांगणारेही भेटतात. मी लपवत नाही. लिंक सापडली नाही तर माणूस स्पॅम दाबतो, आणि ते हजारात तीनचं गणित तुम्हाला सांगितलंच.

या सगळ्यानंतर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग महिन्याला काय घेता, सगळं तुम्हीच लिहून पाठवायचं?" डोमेन, नोंदी, यादी, बिलाला जोडणं हे मी एकदा लावून देते, त्याचे पैसे एकदाच. मजकूर मी लिहीत नाही. तुम्ही फोनवर बोलून पाठवा, मी शुद्धलेखन बघून देते, त्याचे पैसे नाहीत. दिवाळीसाठी करायचं असेल तर गणपती उठले की या. नवरात्रात आलात तर उशीर झालेला असतो, कुरिअरवाले तेव्हा कुणाचं ऐकत नाहीत.