तुम्ही विचारलंत म्हणून: दगडावर घासूनही सुरीला धार का येत नाही?

"अर्धा तास घासतो, तरी सुरी टोमॅटो कापत नाही, नुसती दाबते." सोलापुरात घरी मटण कापणारे हे हमखास विचारतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: बर येण्याआधीच बाजू बदललेली असते.

एक बाजू अगदी कडेपर्यंत घासली गेली की पोलादाची बारीक पत्री पलीकडे वळते. तीच बर. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा, बाहेर नेत फिरवा. धारेच्या लांबीत कधीच नको. मुठीपासून टोकापर्यंत सलग खरखर लागली पाहिजे. टोकाला ती हमखास नसते, कारण तिथे पातं वळतं आणि हात तसाच सरळ जातो. तेवढाच भाग मूठ किंचित उचलून पुन्हा घासा. बर येईस्तोवर बाजू बदलायची नाही, मग दहा हात लागोत की शंभर.

शंभर मारूनही येत नसेल तर कोन चुकतोय. पातं ३ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटिमीटर वर धरा, म्हणजे साधारण २० अंश होतात. कडेला मार्कर फिरवा आणि दोन हात मारून बघा. शाई वरची पुसली पण धारेलगत राहिली, तर पाठ अजून उचलायला हवी.

दुसऱ्या बाजूनंही बर आली की ती काढायची, आणि इथेच घाई होते. दाब जवळजवळ सोडून एक हात इकडे, एक तिकडे, असे आठ-दहा. मग चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून ओढा. राहिलेली बर सुरुवातीला छान कापते, पण दोन कांद्यांत दुमडते.

दगड हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी (एक बाजू जाड, एक बारीक) कार्बोरंडम पुरतो. बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. मध्ये खोलगट झाला तर शहाबादी फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून सपाट घासा. फिरत्या चाकावर मात्र सुरी देऊ नका. कड निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, ती धार टिकत नाही.

गड्ड्यातून, म्हणजे सोलापूरच्या जत्रेतून, आणलेल्या लोखंडी विळीला दगडच हातात धरून पात्यावर फिरवा. लगेच पुसून खोबरेल लावा. करडईचं तेल वाळून चिकट होतं.