माळा रिकामा झाला

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज एकदाचा माळा खाली केला. मेलबर्नला राहायला जायचं नक्की झाल्यापासून ह्याच कामाची धास्ती होती, कारण कपाटात काय आहे ते मला माहितीये पण माळ्यावर काय आहे ते फक्त आईंना, आणि त्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघितल्याशिवाय काहीही हातातनं सोडत नाहीत.

सामान बोटीने जाणार, न्हावा शेवाहून. आख्खा कंटेनर नाही, इतरांच्या सामानाबरोबर शेअरिंगमध्ये, आणि आमचा हिशोब किलोवर नाही तर घनमीटरवर आहे. म्हणजे पितळेचं जड पातेलं परवडतं, त्याच्या पोटात अजून चार भांडी बसतात, पण वेताची खुर्ची नुसती जागा खाते. मिक्सर नेतोय, तिकडेही २३० व्होल्टच आहे, फक्त पिन वेगळी. अमेरिकेला निघालो असतो तर इथेच ठेवावा लागला असता.

खरी मेहनत ऑस्ट्रेलियाच्या बायोसिक्युरिटीची, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई देशात येऊ नये म्हणून होणाऱ्या तपासणीची. माती, बिया, झाडपाला, लाकूड, सगळ्यावर बारीक लक्ष. लाकडी वस्तूला साल नको, कीड नको, आणि नेणार ते डिक्लेअर करायचं. म्हणून दुपारी देव्हारा आडवा करून टॉर्च मारून बघितला, कुठे बारीक भोक किंवा भुसा दिसतोय का. नाही सापडलं, हुश्श झालं. बाबांची रुद्राक्षाची माळ म्हणजे शेवटी बियाच, ती खोक्यात न टाकता हातात न्यायची आणि विमानात देतात त्या कार्डावर लिहून तिथल्या ऑफिसरला दाखवायची, असं ठरवलंय. लेकाचे ट्रेकचे बूट घेऊन बाल्कनीत बसले, सोलच्या खाचांमध्ये राजगडाचा चिखल वाळून दगड झालेला, तो आधी दाभणाने उकरला, मग जुन्या टूथब्रशने घासला, मग परत धुतला. मातीचा कणही चालत नाही तिकडे.

संध्याकाळी नावं घातलेली भांडी निघाली. एका पितळी डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय, 'मामाकडून सप्रेम भेट', खाली १२-५-७४. आईंच्या लग्नातला. आईंनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि कोण कुठे असतं, कोण गेलं, कोणाच्या लेकीचं लग्न झालं, सगळं सांगत बसल्या, मी पण कामं टाकून ऐकत बसले, खूप बरं वाटलं.

सगळे सांगतायत की फ्लॅट कुलूप लावून ठेवा, सामान राहू दे, परत आलात की लागेल. मला हे मुळीच पटत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात बंद घराची काय दशा होते ते वरच्या मजल्यावर बघितलंय, गाद्यांना बुरशी, कपाटाला वाळवी, फ्रिजचं रबर चिकटून बसलेलं. कोणाच्या उपयोगी पडलं असतं ते सगळं शेवटी भंगारात गेलं. वस्तू वापरात राहिली पाहिजे, आणि ती आपण स्वतः हाताने, धडधाकट असताना द्यावी. शिलाई मशीन आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना दिलं, त्यांची मुलगी ब्लाऊज शिवते. मोठी पातेली, झारे सोसायटीच्या गणपतीला, महाप्रसादाला दरवर्षी भाड्याने आणावी लागतात. आणि नावाची भांडी ज्यांनी दिली त्यांच्याच नातवंडांना परत द्यायची, ही आयडिया आईंची! मामांचा डबा मात्र आपल्याबरोबर येणार म्हणाल्या, त्यात पोहे राहतात. राहू देत की, वीतभर तर जागा.

तुळस शेजारच्या काकूंकडे गेली.

सोमवारी गॅस सरेंडर करायचाय, सिलेंडर, रेग्युलेटर आणि डिपॉझिटची पावती घेऊन. पावती फाइलमध्ये आहे असं नवरा तिकडून फोनवर सांगतोय, कुठली फाइल ते त्यालाही आठवत नाहीये. उद्या सकाळी आधी तेच शोधणार, मग पॅकर्सची यादी, खोक्याच्या नंबरासकट.