राणीच्या मानेखाली

आजीच्या पितळी डब्यात एक राणीछाप रुपया आहे. १८४० चा, वजनाला तोळाभर. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर येतो आणि हळदीकुंकू लावून परत डब्यात जातो. परवा मी तो चिंचेने घासला (नाणी जमवणाऱ्यांनी हे वाचलं नाही असं समजावं) आणि भिंगाखाली धरला. व्हिक्टोरिया राणीची मान जिथे संपते तिथे मुंगीच्या डोक्याएवढी दोन अक्षरं निघाली: डब्ल्यू. डब्ल्यू.

म्हणजे विल्यम वायन, लंडनच्या शाही टांकसाळीचा मुख्य ठसेकार. घराणंच ठसे कोरणाऱ्यांचं. कामही मुलखाचं उलटं. मोदकाच्या साच्यात कळ्या जशा आत कोरलेल्या असतात, तसं नाण्यावर नाक वर यायचं तर पोलादात त्याचा खड्डा खणायचा, आणि डावीकडे बघणारी राणी उजवीकडे बघत खणायची!

१८३४ मध्ये त्याने पंधरा वर्षांच्या राजकन्येची रेखाटनं केली. ती राणी झाली, १८३७ मध्ये लंडन शहराच्या भेटीला गेली, त्या भेटीच्या पदकावर त्याने तोच कोवळा चेहरा उतरवला. १८४० मध्ये जगातलं पहिलं पोष्टाचं तिकीट, पेनी ब्लॅक, काढायचं ठरलं तेव्हा पदकावरचा हाच चेहरा उचलला गेला. चेहराच का? तर नक्कल करणाऱ्याची रेघ केसभर चुकली तरी ओळखीचा चेहरा लगेच परका दिसतो.

हेन्री कॉर्बोल्ड या चित्रकाराने पदकावरून चित्र काढलं, चार्ल्स हीथ आणि त्याचा मुलगा फ्रेडरिक यांनी ते पोलादावर कोरलं. पदकावर गालाला खरोखरची गोलाई असते. इथे ती नुसत्या रेघांतून आणायची, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. बापलेकांनी आणली. मात्र या राणीच्या मानेखाली वायनची अक्षरं नाहीत.

वायन १८५१ मध्ये गेला, तेव्हा राणी बत्तीस वर्षांची होती. तिची मुलं एकूण नऊ झाली, पुढे वैधव्य आलं, १८९३ मध्ये इंग्लंडच्या नाण्यांवर ती पदर घेतलेली म्हातारी दिसू लागली. तिकिटावर मात्र १९०१ मध्ये ती जाईपर्यंत तीच पोर, केस वर बांधलेली.

रुपया पुसून डब्यात ठेवला. यंदा हळदीकुंकू कपाळालाच लावेन, मानेखाली नाही.