आमची वाटचाल : हिरड्याची आठळी आणि तीन उन्हाळे

घोडेगावहून डिंभे धरणाकडे जाताना रस्त्याला लागूनच आमची रोपवाटिका आहे. 2016 साली बारा गुंठे भाड्याने घेतले तेव्हाच ठरवलं होतं, इथल्या डोंगरावर आपोआप वाढतं तेच झाड विकायचं. गिरिपुष्प नाही, ऑस्ट्रेलियन बाभूळ नाही, मूळचा मादागास्करचा गुलमोहरही नाही. घरचे म्हणाले, गिऱ्हाईक फिरकणार नाही. पहिली दोन वर्षं खरंच फिरकलं नाही.

त्यात आमची चूकही होती. पहिल्या पावसाळ्यात जांभळाच्या बिया कडधान्यासारख्या खडखडीत वाळवून डब्यात भरल्या. पुढच्या जूनमध्ये पेरल्या, एक कोंब आला नाही. बी आणून देणाऱ्या मावशी म्हणाल्या, “अरे, वाळलं की मेलं ते. ताजं असतानाच मातीत घालायचं.”

सगळ्यात जास्त शिकवलं ते हिरड्याने. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरडा म्हणजे घरात येणारा रोख पैसा. कोवळं फळ उतरवून, वाळवून विकतात. पण सगळंच फळ कोवळं उतरलं, तर रुजायला बी उरणार कुठून? म्हणून काही घरांशी बोललो : दोन-तीन झाडं राखा, पिकून खाली पडलेला हिरडा आम्ही बाळहिरड्याच्याच दराने घेतो. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतलं एकही फळ घेत नाही. गर काढायचा, आठळीचं रुंद टोक आतल्या बीला धक्का न लावता हलकं कातरायचं, मग भिजत घालायची. एवढं करूनही बऱ्याच आठळ्या उगवत नाहीत. जी उगवते तिची दोन पानं बघायला आमची माणसं रोज सकाळी आधी वाफ्यावर जातात.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात शेडनेट फाटली, खांब आडवे झाले. डोंगरावरचा हिरडाही झडला. ज्यांच्याकडून आम्ही बी घेतो त्यांचा हंगामच गेला. त्या वर्षी पुढच्या बियांची उचल आम्ही आधीच दिली. धंद्यात घेतलेला हा निर्णय मला आजही सगळ्यात बरोबर वाटतो.

पुढे एका कंपनीने एका दिवसात लावायला कमरेएवढी पाच हजार रोपं मागितली. एवढी उंच रोपं आमच्याकडे होती ती पिशवीत राहून जुनी झालेली. एक पिशवी फाडून दाखवली : मुळं तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी गुंडाळलेली. असं झाड जमिनीत नीट पाय रोवत नाही. शिवाय नंतर पाणी कोण घालणार, याला उत्तर नव्हतं. ऑर्डर सोडली. तेव्हापासून रोपाबरोबर तीन उन्हाळ्यांची राखणही आम्हीच घेतो : आळ्यात गवताचं आच्छादन, कडक उन्हात पाणी, आणि दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. डोंगरावर लावलेलं रोप वणव्यातून वाचलं, तरच ते लावलं असं आम्ही धरतो.

रोपं हवी असतील तर आधी जागा दाखवायला बोलवा. माती, उतार आणि गुरांची वाट पाहिल्यावरच कोणतं झाड द्यायचं ते ठरवतो.