पाठीवरचे मूल

शालोपयोगी वस्तूंच्या दुकानात भर दुपारी थोर व्यक्तींच्या चित्रांचा तक्ता टांगलेला दिसला आणि दुकानदार सुटे पैसे शोधत असताना माझी नजर, जुन्या खोडीप्रमाणे, झाशीच्या राणीवरून निसटून तिच्या पाठीवरच्या मुलाकडे गेली. तलवार आणि उधळलेला घोडा सगळेच पाहतात. मी फक्त चित्रकाराने ते मूल केवढे काढले आहे, एवढेच पाहतो. बहुधा ते दीड-दोन वर्षांचे असते.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तर ती बाहुलीच होती. राणी झालेल्या मुलीने चंदेरी कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची तलवार उगारून ‘मी माझी झाशी देणार नाही’ असे ठणकावले, त्या आवेशात शेल्याची गाठ सुटली आणि बाहुली खाली पडली. राणीने तिला तंगडीला धरून उचलले व ती तशीच पडद्याआड गेली. हशा झाला. पुढे त्या मुलाचे काय झाले, हे इतिहासाच्या बाईंनीही कधी सांगितले नाही.

पाठीवरचे ते मूल म्हणजे दामोदरराव. त्यांचा जन्म १८४९ चा. त्यांचे मूळ नाव आनंदराव. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्याच भाऊबंदांतला हा मुलगा राणीचे पती गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, दत्तक घेतला. म्हणजे १८५८ च्या धामधुमीत तो आठ-नऊ वर्षांचा होता. एवढ्या वयाचा मुलगा पाठीशी बांधून घोडा फेकणे म्हणजे काय, हे घरातल्या तिसरीतल्या मुलाला मिनिटभर पाठुंगळी घेऊन पाहणाऱ्यालाच कळेल.

गव्हर्नर जनरल डलहौसीने या मुलाला खासगी मालमत्तेचा वारस मानले, राज्याचा मात्र मानले नाही. मालमत्तेचा वारस म्हणजे तरी काय? त्याची मुंज करायची ठरली तेव्हा त्याच्याच नावाने ठेवलेल्या रकमेतले एक लाख रुपये काढण्यासाठी कंपनी सरकारने राणीकडे जामीनदार मागितले. मला या साऱ्या कथेत लढायांपेक्षा हा तपशील अधिक झोंबतो. आपल्या मुलाच्या मुंजीसाठी, त्याच्याच पैशांकरिता, परक्या साहेबापुढे जामीन उभे करणारी विधवा आई कोणत्याही तक्त्यावर काढता येत नाही.

ग्वाल्हेरला राणी पडल्यावर रामचंद्रराव देशमुख आदी निष्ठावंतांनी मुलाला सांभाळले. बुंदेलखंडातल्या रानावनांत लपतछपत दिवस काढून ही मंडळी झालरापाटणमार्गे १८६० मध्ये इंदूरला आली. तेथे इंग्रजांनी पेन्शन बांधून दिली आणि राज्याच्या वारसाचा पेन्शनर झाला. दामोदररावांची पहिली पत्नी लवकर वारली. दुसऱ्या विवाहानंतर, पन्नाशी उलटल्यावर, १९०४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव लक्ष्मणराव. हे नाव कोणावरून ठेवले असावे, याबद्दल मराठी घरात फार तर्क करावा लागत नाही. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, दामोदरराव गेले.

पुढच्या पिढ्यांनी नेवाळकर हे आडनाव मागे ठेवून झाशीवाले हे लावले. १९४७ साली स्वातंत्र्य आले तेव्हा लक्ष्मणराव त्रेचाळीस वर्षांचे होते. आजीला तेवढे आयुष्यही लाभले नव्हते. राज्य परत मागण्याचा प्रश्न तर उरलाच नाही, कारण पुढच्याच वर्षी खुद्द इंदूर संस्थानही विलीन झाले.